मधली बत्तीस अक्षरं

रुवैदा सब्बाग सकाळी दुकान उघडायची, कॉफीचं भांडं शेगडीवर चढवायची आणि कॉफी वर येईपर्यंत एक पत्ता तोंडपाठ म्हणायची. चाळीस अक्षरांचा. त्यात आकडे होते, ए पासून एफ पर्यंतची अक्षरं होती, आणि अर्थ काहीच नव्हता. तो वफीक नशारनं बनवलेल्या खोट्या टोकनचा, म्हणजे फोनवरून चालणाऱ्या डिजिटल नाण्याचा, पत्ता होता. तीन वर्षं ती तो रोज म्हणत आली होती. कुणी प्रार्थना म्हणतं तशी नव्हे. दात दुखत असला की जीभ राहून राहून त्याच दाताकडे जाते, तशी.

दुकान म्हणजे खरं तर अर्धंच दुकान. लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या शिंप्यांच्या बाजारात, दगडी कमानीखाली, एका अबायेवाल्यानं आपल्या गाळ्याचा पुढचा तुकडा तिला पोटभाड्यानं दिला होता. ती कॉम्प्युटरची पदवी घेऊन बाहेर पडली आणि त्याच सुमारास बँकांनी लोकांच्या ठेवी अडवून दारं लावून घेतली. नोकरी द्यायला कुणी उरलंच नव्हतं. मग ती फोनच्या फुटक्या काचा बदलत बसली. हळूहळू लोक फोन घेऊन यायचे ते वेगळ्याच कामासाठी. सिडनीतला भाऊ, कुवेतमधला नवरा, स्वीडनमधली मुलगी, सगळे आता टोकन पाठवू लागले होते. एका हिवाळ्यात अख्ख्या बाजारानं वॉलेट, म्हणजे फोनमधलं टोकनचं पाकीट, वापरायला शिकून घेतलं. साबणवाला, झातरचा मसाला विकणारी म्हातारी, कुणीही सुटलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात उतरायला वेळ लागला. टोकनच्या नावाला काडीची किंमत नसते. कुणीही उठावं, नवं टोकन बनवावं, त्याला दुसऱ्याचं नाव द्यावं, दुसऱ्याचं चित्र चिकटवावं. अडवणारं कुणी नाही. टोकन ज्या कॉन्ट्रॅक्टमधून, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून, निघालं त्याचा पत्ता, हीच त्याची खरी ओळख. तो पत्ता मूळ बनवणाऱ्यानं जाहीर केलेल्या पत्त्याशी जुळला तर ठीक, नाहीतर फोनवर दिसतो तो नुसता आकडा.

रुवैदा हे जुळवून द्यायची, आणि तिची जुळवायची रीत तिच्या वडिलांची होती. शेख बहीज मशिदीत मुलांना कुराणाचं पठण शिकवायचे. एकानं पाठ म्हणायचं, दुसऱ्यानं पानावर बोट ठेवून ऐकायचं. एक अक्षर घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. रुवैदानं तेच उचललं. एकजण पत्ता मोठ्यानं वाचणार, दुसरा दुसऱ्या कागदावर बोट फिरवत ऐकणार. पहिल्यांदा तिनं वडिलांनाच ऐकायला बसवलं. त्यांनी सगळी चाळीस अक्षरं ऐकली आणि विचारलं, "हे कुठल्या जमातीचं बोलणं, पोरी? श्वास घ्यायला जागा नाही कुठे."

"पैशांच्या जमातीचं, बाबा."

"मग बरोबर आहे," शेख म्हणाले. त्या पवित्र शब्दांच्या शेजारी हे ठेवायचंसुद्धा नाही, असं त्यांनी तिला बजावलं. पण कान तोच लागतो, हेही मान्य केलं. त्या दिवसापासून दुपारच्या नमाजानंतर ते रोज तासभर तिच्या दुकानात बसू लागले. पत्ता जुळला की ती कागदाच्या चिठ्ठीवर पूर्ण पत्ता लिहायची, तारीख घालायची, खाली 'ऐकलं, जुळलं' असं लिहून दोघं सह्या करायचे. शेख बहीजची लेक अक्षर चुकत नाही, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. एवढीच तिची कमाई, आणि तिला ती पुरेशी वाटायची.

बाजाराला मात्र चाळीस अक्षरांचा धीर नव्हता. फोनवर पत्ता तसाही पहिली चार अक्षरं, मग टिंबं, मग शेवटची चार असाच दिसतो. त्यामुळे लोकांनी आपली सोय करून घेतली होती. "डोकं सांग, शेपूट सांग," असं एक दुकानदार दुसऱ्याला फोनवर विचारायचा, आठ अक्षरं जुळली की काम झालं. रुवैदा त्यांच्याशी भांडायची. "माणसाची टोपी आणि बूट बघून त्याला मुलगी देता का तुम्ही?" ते हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा डोकं-शेपूटच बघायचे.

वफीक नशारनं ही खोड नीट पाहून ठेवली होती. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ त्याचं चलन बदलून द्यायचं दुकान होतं. मोठ्या मुलाचं नाव नाएल, म्हणून सगळे त्याला अबू नाएल म्हणायचे. तो एकदा 'तिब्र' नावाच्या टोकनचा पत्ता घेऊन आला. सोन्याच्या आधारावर काढलेलं, परदेशातलं, व्यवस्थित टोकन होतं ते. रुवैदानं पत्ता वाचला, शेखनी ऐकला, चिठ्ठी दिली. वफीकनं ती चिठ्ठी काचेच्या चौकटीत घालून दुकानात टांगली. त्यानंतर त्यानं स्वतःचं एक कॉन्ट्रॅक्ट बनवलं, त्यालाही 'तिब्र' हेच नाव दिलं, आणि कॉम्प्युटरला दिवसेंदिवस पत्ते घडवायला लावून असा एक पत्ता मिळवला की ज्याची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं खऱ्यासारखी होती. गिऱ्हाइकाला तो हा पत्ता द्यायचा. गिऱ्हाईक भिंतीवरच्या चिठ्ठीकडे मान वर करून बघायचं. डोकं जुळतंय, शेपूट जुळतंय, खाली शेखची सही.

चार महिन्यांनी लोक ते विकायला निघाले तेव्हा कळलं की त्याला जगात कुठेच कुणी विचारत नाही. सगळ्यांत आधी ऊर बडवला तो वफीकनं. माझेही गेले, माझ्या मुलांचेही गेले, असं तो रडत सांगत होता. मग त्यानं भिंतीवरची चौकट काढून काउंटरवर ठेवली. "मी शेखच्या लेकीवर विसंबलो," तो म्हणाला. "लिहिताना तिचं अक्षर चुकलं, आणि आपण सगळे बुडालो." लोकांनी फोन आणि चिठ्ठी शेजारी धरून पाहिलं. खरंच की, मधे वेगळं होतं.

रुवैदानं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. चिठ्ठीवरचा पत्ता खऱ्या तिब्रचाच आहे, खोटा आहे तो फोनमधला. अक्षर चुकलं असतं तर एक वेगळं दिसलं असतं, फार तर दोन. इथे मधली बत्तीसच्या बत्तीस अक्षरं दुसऱ्याच कुठल्या पत्त्याची आहेत. चुकून असं होत नाही, हे कुणीतरी घडवलेलं आहे. पण ज्याचं नुकतंच गेलंय तो हिशोब ऐकत नाही, आपल्याबरोबर रडणाऱ्याचं ऐकतो. काअक, म्हणजे तिळाचे पाव, भाजणारा हाज बद्र लहानपणी शेख बहीजकडेच शिकलेला. त्याची बायको आजारी होती आणि तिच्या औषधासाठी ठेवलेलं सगळं तिब्रमध्ये होतं. तो शांतपणे म्हणाला, "एक अक्षर चुकलं की तुझे वडील आम्हाला पहिल्यापासून म्हणायला लावायचे. तू आम्हाला पहिल्यापासून कुठून सुरू करायला लावणार आहेस?"

शेखनी घरी येऊन लेकीला समोर बसवलं, चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि तिच्या तोंडून पत्ता पुन्हा ऐकला. "चूक नाही," ते म्हणाले. हे सांगायला ते मशिदीत गेले. लोकांनी आदरानं नजर खाली घातली आणि विषय काढला नाही. त्या आदराचाच त्यांना जास्त त्रास झाला. हिवाळा सरता सरता ते गेले. डॉक्टरांनी फुप्फुसं सांगितली. रुवैदानं वफीकचं नाव सांगितलं.

समाचाराच्या तिन्ही दिवशी वफीक पहिल्या रांगेत बसला, बिनसाखरेची कॉफी प्यायला, शेखच्या आठवणी सांगून डोळे पुसले. निघताना, दहा माणसं ऐकतील अशा आवाजात, तो तिला म्हणाला, "पोरी, चूक कुणाच्याही हातून होते. मी तुला माफ केलंय."

त्या वाक्यावर ती तीन वर्षं जगली असं म्हटलं तरी चालेल.

सुरुवातीला तिनं सरळ मार्ग करून पाहिले. एकदा भर दुपारी खडू घेऊन गेली आणि वफीकच्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर दोन्ही पत्ते एकाखाली एक लिहिले, मधल्या अक्षरांखाली रेघ ओढली. वफीक आतून बादली घेऊन आला, भिंत धुतली आणि तिला कॉफी विचारली. "खडू महाग झालाय, शेखच्या लेकी," तो म्हणाला. "मुलांना शिकवायला ठेव." बघणारे हसले. तिनं तक्रारी लिहिल्या, त्यांना उत्तरं आली नाहीत. शेवटी तिनं बोलणं सोडलं आणि बघणं सुरू केलं. टोकनचे सगळे व्यवहार कुणालाही बघता येतील असे उघडे असतात. ती रोज त्याची खाती उघडून बसायची. आज इतकं इकडे गेलं, आज तिकडे. त्या पैशांतून त्यानं जनरेटर घेतला आणि तिच्याच गल्लीला वीज विकू लागला. सरकारी वीज दिवसातून दोन तास, बाकी वेळ सगळे त्याच्या तारेवर. रुवैदानं तिच्या घराची तार स्वतः पक्कड घेऊन कापली. आई अंधारात स्वयंपाक करताना तिला शिव्या घालायची. ती ऐकून घ्यायची.

काच बदलण्याची कामं येत राहिली. पत्ता जुळवून घ्यायला कुणी आलं नाही.

आणि तिसऱ्या वर्षी, वैशाखासारखं ऊन पडलेल्या एका दुपारी, वफीक नशार तिच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. हातात हलावेत-जिब्न मिठाईचा डबा, आणि मागे त्याची सासू.

हाज्जा सअदिया पंचाहत्तरीची होती. पन्नास वर्षं तिनं नवऱ्याच्या पैशांनी नव्हे तर स्वतःच्या कात्रीनं संसार केला, वधूचे पोशाख शिवून सोनारांच्या बाजारात दोन गाळे घेतले. वफीकला आता 'मर्सा' नावाच्या नव्या टोकनमध्ये सगळं घालायचं होतं: दुकान, जनरेटर, आणि सासूचे गाळे विकून येईल तेही. म्हातारीनं एकच अट घातली होती. शेख बहीजच्या लेकीनं आधी बघायचं.

वफीकनं हे सांगताना लाजल्याचं नाटकही केलं नाही. "मी म्हटलं अहो हाज्जा, ती अक्षरं खाते," तो स्टुलावर बसत म्हणाला. "पण हिला दुसरं कुणी चालत नाही."

"मी आयुष्यभर मापं घेतली," हाज्जा म्हणाली. "चुकतो तो एखादा टाका. अख्खा कपडा दुसऱ्याचा होत नाही. मला तेव्हाच कळलं होतं." रुवैदाकडे वळून ती म्हणाली, "तेव्हा बोलायला हवं होतं मी. मुलगी त्याच्या घरात आहे माझी."

तीन वर्षांत हे म्हणणारं पहिलंच माणूस भेटत होतं, आणि तेही वफीकसमोर. रुवैदानं खुर्ची पुढे ओढली. तिनं कागदावर पत्ता छापला, हाज्जाच्या हातात भिंग दिलं, बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं, आणि स्वतः मर्साच्या अधिकृत पानावरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

बाराव्या की तेराव्या अक्षरावर म्हातारी म्हणाली, "थांब. हे इथे नाही."

रुवैदा थांबली. समोर एक लिहिलेलं होतं आणि तोंडातून दुसरं निघालं होतं. मर्साच्या पत्त्यातही योगायोगानं खोट्या तिब्रच्या पत्त्यातली दोन अक्षरं लागोपाठ आली होती, आणि तिची जीभ तीन वर्षांच्या सवयीनं वफीकच्या खोट्या पत्त्याच्या वाटेला लागली होती. जन्मात पहिल्यांदा तिचं अक्षर चुकलं, आणि ते ह्या माणसासमोर.

वफीक मांडीवर थाप मारून हसला. "मी काय सांगत होतो, हाज्जा? आता पटलं?"

"चुकली आणि थांबली," हाज्जा म्हणाली. "तू हस नंतर. पोरी, पहिल्यापासून."

रुवैदानं पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्यापासून वाचलं. या वेळी एकेक अक्षर खडा उचलून ठेवावा तसं. चाळीसही जुळली. पत्ता खरा होता. म्हणजे हे मर्साच होतं, मर्साच्या नावाचं दुसरं काही नव्हतं. आता ती कॉन्ट्रॅक्टच्या आत शिरली. तिथे काय लिहिलंय तेही उघडं असतं, वाचणारे कमी. वफीक डब्यातली मिठाई स्वतःच खात बसला होता आणि ती ओळीमागून ओळ खाली सरकत होती.

अर्ध्या तासानं तिला ते सापडलं. एक छोटासा तुकडा, नाव दिलेलं 'देखभाल'. मालकानं तो चालू केला की सगळ्यांची विक्री बंद. फक्त मालकाच्या यादीतली खाती विकू शकणार. घ्यायला मात्र कुणालाही मुभा. मालक म्हणजे एकच खातं, सहा आठवड्यांपूर्वी उघडलेलं. निम्म्याहून जास्त मर्सा तीन खात्यांत पडून होतं.

तिनं मान वर केली नाही. तिला थोडा वेळ हवा होता. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते स्वतःच्या पायांनी चालत येऊन समोर मिठाई खात होतं. चिठ्ठी घ्यायची आणि लिहायचं, 'ऐकलं, जुळलं'. ते खोटंही ठरलं नसतं. पत्ता ऐकला होता, जुळला होता. हा माणूस आपल्या हातानं आपलं सगळं त्या भोकात नेऊन ओतेल, आणि तिला बोटही उचलावं लागणार नाही. तिनं पेन उचललं. मग तिला वफीकचं पुढचं वाक्य आत्ताच ऐकू आलं: शेखच्या लेकीनं चिठ्ठी दिली होती. पुन्हा चौकट, पुन्हा काउंटर, पुन्हा बाजार. आणि भिंग धरून बसलेली ही म्हातारी, तिचे दोन गाळे. बाबांनी 'चूक नाही' म्हटलं होतं. तिनं आता ही चिठ्ठी दिली तर त्यांचं म्हणणं खोटं पडलं असतं, आणि या वेळी खरोखर.

तिनं पेन खाली ठेवलं.

"पत्ता जुळतो," ती म्हणाली. "पण हे टोकन घेऊ नका, अबू नाएल. दाराची कडी बाहेरून आहे. मालकाला वाटेल त्या दिवशी तो लावून घेईल, आणि तुम्हाला विकता येणार नाही."

हे ती अगदी गोड आवाजात म्हणाली. इतक्या गोड की हाज्जानं भिंगातून डोळे काढून तिच्याकडे पाहिलं.

वफीकनं हात पुसले, फोन काढला. तोही कच्चा नव्हता. त्यानं तिथेच थोडं मर्सा घेतलं आणि लगेच विकून पाहिलं. विकलं गेलं. त्यानं फोन तिच्यासमोर धरला. "दार तर उघडं आहे."

"आज उघडं आहे," रुवैदा म्हणाली.

मग तो थांबला. कशासाठी, हे तिघांनाही ठाऊक होतं. शेख बहीज मुलाची चूक एकदा सांगून पुढे जात नसत. तीनदा सांगायचे. पहिल्यांदा कान ऐकत नाही, दुसऱ्यांदा मन भांडतं, तिसऱ्यांदा माणूस ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. रुवैदाही धोक्याचं टोकन असलं की गिऱ्हाइकाला तीनदा बजावायची. तीनदा नको म्हटल्याशिवाय ती पायरी उतरू देत नाही, यावरून बाजारात तिची नक्कलही व्हायची. वफीक दुसऱ्यांदाची वाट पाहत होता.

रुवैदा उठली आणि कॉफीचे कप विसळायला लागली.

एक कप, दुसरा कप. पाण्याचा आवाज. वफीकच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उलगडत गेलं आणि तो हसू लागला, पोट धरून नव्हे, स्वतःशीच, पत्त्यांच्या डावात समोरच्याचं पान ओळखल्यासारखा. "एकदाच?" तो म्हणाला. "खरंच धोका असता तर तू तीनदा सांगितलं असतंस. सवयच आहे तुमच्या घराण्याची. मी श्रीमंत होऊ नये म्हणून एकदा फेकून पाहिलंस, आणि पुढे रेटायची हिंमत झाली नाही. बापाचा धाक उरलाय अजून, शाब्बास."

रुवैदा पाठमोरीच होती. हा माणूस सगळ्यांना स्वतःच्या मापानं मोजतो, हे ती तीन वर्षं त्याची खाती बघून शिकली होती. "तुम्ही शहाणे आहात, अबू नाएल," ती म्हणाली. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

तो फोनवर बोलतच पुढे निघाला. हाज्जाला पायरी उतरायला हात हवा होता, म्हणून रुवैदा बाहेर आली, तिचा कोपर धरला आणि कानाशी तोंड नेलं. "घेऊ नका, हाज्जा. तुमचे गाळे विकू नका. दुसऱ्यांदा सांगते." पुढची पायरी. "घेऊ नका. हे तिसऱ्यांदा."

म्हातारी जागच्या जागी उभी राहिली. पुढे जावई पाठ करून हातवारे करत चालला होता.

"आणि त्याला?" तिनं विचारलं.

"त्यानं ऐकलंय."

हाज्जानं बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला मुलगी आठवली असेल, नातू आठवले असतील. काय आठवलं ते तिनं कधी सांगितलं नाही. शेवटी तिनं आपला कोपर सोडवून घेतला आणि काठी टेकत, जावयाला हाक न मारता, सोनारांच्या बाजाराकडे वळली. गाळे विकायचे नाहीत एवढंच तिनं घरी जाहीर केलं. वफीक म्हणाला, म्हातारी माणसं दगडालाच धन समजतात. त्यानं तिचे गाळे सोडून बाकी सगळं मर्सात घातलं.

अकरा दिवस रुवैदानं दुसरं काही केलं नाही. फोन दुरुस्तीला येऊन पडले होते ते तसेच पडले. ती मर्साच्या व्यवहारांची नोंद उघडून बसायची. वफीकचं खातं फुगत होतं, मर्साचा भाव चढत होता, आणि बाजारात वफीक काअक वाटत फिरत होता. पाचव्या दिवशी भाव दुप्पट झाला तेव्हा तिच्या मनात आलं, हा आज विकून मोकळा झाला तर? त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण तो विकणाऱ्यातला नव्हता. बाराव्या दिवशी सकाळी साडेदहाला मालकानं 'देखभाल' चालू केली. तिनं ती एक ओळ पडद्यावर उमटताना पाहिली. खुर्ची मागे सरकवून ती भिंतीला टेकून बसली आणि तिला हसू आलं, मग उचकी लागली, मग पुन्हा हसू.

वफीक दुपारी आला. वाटेत टोपी पडली होती कुठेतरी. अख्खा शिंप्यांचा बाजार शिलाई थांबवून दारात आला, कारण तो कमानीपासूनच ओरडत येत होता.

"तुला माहीत होतं. तू सांगितलंस, पण एकदाच सांगितलंस. मुद्दाम एकदाच."

तो हे पुन्हा म्हणाला, आणखी मोठ्यानं. चौथ्यांदा म्हणता म्हणता त्याला गल्लीतली शांतता जाणवली. हाज बद्र काअकची परात डोक्यावरून उतरवून तिथेच थांबला होता. बायको त्याची गेल्या वर्षी वारली होती.

"म्हणजे तिनं तुला सांगितलं होतं?" हाज बद्रनं विचारलं.

वफीकनं टोपी नीट करायला हात डोक्याकडे नेला. टोपी नव्हती.

"ती अक्षरं खाते ना?" हाज बद्र म्हणाला. "मग तिच्या दारात विचारायला कशाला गेला होतास, अबू नाएल?"

याचं उत्तर रुवैदाकडे होतं, आणि ते तिनं कितीतरी रात्री घोकलं होतं. पण आता ते बोलायची गरज उरली नव्हती. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि प्रत्येकजण आपापल्या डोक्यात ती जुनी चिठ्ठी पुन्हा वाचत होता. ती फक्त पायरीवर येऊन उभी राहिली, त्याला ती नीट दिसावी म्हणून.

"तीनदा का नाही सांगितलंस?" तो शेवटी पुटपुटला. आता त्यात ओरडणं नव्हतं.

"तीनदा मी माणसांना सांगते," रुवैदा म्हणाली.

तो गेल्यावर गल्लीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिंपी आत गेले, मशिनं सुरू झाली. हाज बद्र परात तिच्या टेबलावर ठेवून काही बोलायला बघत होता. तिनं दुसऱ्याच्या फोनचा स्क्रू काढायला घेतला आणि त्याला उभा ठेवला. त्यालाही तिनं लगेच सोडलं नाही. तो उभा राहिला, दुपारची अजान होईपर्यंत, आणि मग म्हणाला की शेखच्या कबरीवर जाऊन यायचंय, ती येणार का. ती नाही म्हणाली. तो एकटा गेला.

वफीकचं दुकान आता दुसऱ्या कुणाकडे आहे, जनरेटरही. तो आपल्या मेहुण्याकडे मीना या बंदरभागात मासे तोलतो. रुवैदा आईसाठी मासे तिथूनच आणते. जवळ दुसरं दुकान आहे, तरी तिथूनच. तो मान खाली घालून तोलतो आणि ती काट्याकडे एकटक बघते.

गिऱ्हाइकं परतली. रोज दुपारी हाज्जा सअदिया भिंग घेऊन येते आणि ऐकायला बसते. चांगली ऐकते, शेखनंतर तिच्याइतकं कुणी ऐकलं नव्हतं. एकदा दोन पत्त्यांच्या मधल्या वेळात, भिंग डोक्यावरच्या ओढणीनं पुसता पुसता तिनं विचारलं, "माझी मुलगी आता भाड्याच्या खोलीत राहते, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे, हाज्जा."

"मन हलकं झालं तुझं?"

"हो," रुवैदा म्हणाली.

म्हातारीचा हात थांबला. "मला वाटलं होतं तू नाही म्हणशील."

"तुम्हाला खोटं सांगू का?" रुवैदानं विचारलं, आणि पुढचा कागद तिच्यासमोर सरकवला.